बारावीनंतर जीवशास्त्रातच पुढे जायचे असेल, तर सोलापुरातून कोणती वाट धरावी?

प्रश्न: एक पालक, अक्कलकोट रोड

सप्रेम नमस्कार. माझी मुलगी यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तिचे विषय होते. गणित तिने अकरावीलाच सोडले. नीटमध्ये मिळालेले गुण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी पुरेसे नाहीत आणि खासगी महाविद्यालयाचे शुल्क टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिणाऱ्या माणसाच्या आवाक्यातले नाही, हे आम्ही दोघांनीही स्वीकारले आहे.

घरात मात्र दोन तट पडले आहेत. माझे थोरले बंधू म्हणतात की एक वर्ष थांबून पुन्हा नीट द्यावी. तिच्या मामांचे म्हणणे असे की बी.ए.एम.एस.ला प्रवेश मिळत असेल तर तो सोडू नये, निदान नावापुढे डॉक्टर लागेल. मुलगी स्वतः काही वेगळेच सांगते. रोग शरीरात नेमका कसा होतो, औषध पेशीत जाऊन काय करते, एकाच औषधाचा एकाला गुण येतो आणि दुसऱ्याला का येत नाही, हे तिला शिकायचे आहे. रुग्ण तपासण्याची ओढ तिला कधीच नव्हती. वर्गातल्या सगळ्यांनी अर्ज भरला म्हणून तिनेही भरला होता.

बी.एस्सी. म्हटले की सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, प्राणिशास्त्र, जैवरसायनशास्त्र अशी नावे समोर येतात, आणि कोणी बायोमेडिकल सायन्स असेही सुचवते. यांत खरा फरक काय आहे? सोलापुरात राहून हे शिक्षण व्यवस्थित होते का, की कर्ज काढून पुण्याला पाठवावे? आणि जे सगळे विचारतात ते मीही विचारतो, कारण मला विचारणे भाग आहे: नुसत्या बी.एस्सी.वर पुढे काय होते? तिचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे, हेही लक्षात घेऊन जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर: निवृत्त प्राध्यापक, सूक्ष्मजीवशास्त्र

आपण मुलीचे म्हणणे इतक्या स्पष्टपणे मांडले आहे की अर्धे उत्तर त्यातच आले. जिला रुग्ण तपासायचे नाहीत तिने पुन्हा नीट देण्यात काहीच अर्थ नाही. बी.ए.एम.एस. हाही रुग्णसेवेचाच अभ्यासक्रम आहे. साडेचार वर्षे शिक्षण, त्यानंतर वर्षभराची आंतरवासिता, आणि शेवटी हातात येतो तो वैद्याचा व्यवसाय. ज्याला तो करायचा आहे त्याच्यासाठी ती वाट उत्तमच आहे, पण तिने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे शोधण्याची ती वाट नव्हे. जीवशास्त्राची पदवी म्हणजे वैद्यकीय प्रवेश हुकलेल्यांची सोय, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजला आहे आणि त्यामुळे कित्येक चांगली मुले पहिल्या वर्षापासूनच खाली मान घालून वर्गात बसतात. आपल्या मुलीला घरातून कोणी तसे वागवू नये, एवढी काळजी आधी घ्यावी.

आता विषयांबद्दल. पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत यांतले बरेचसे विषय एकमेकांच्या अंगणातच वावरतात. पेशी, प्रथिने, विकरे (एन्झाइम), डीएनए, अनुवंशशास्त्र, प्रतिकारशक्ती हे सगळ्यांनाच शिकावे लागते. फरक असतो तो हाताने काय करायला मिळते यात. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला जिवाणू वाढवणे, वेगळे करणे, ओळखणे आणि त्यांच्यावर औषधाचा परिणाम मोजणे हे सगळे पदवीच्या पातळीवरच करता येते, आणि त्यासाठी लागणारी साधने महाविद्यालयांना परवडतात. जैवतंत्रज्ञानाचे नाव आकर्षक आहे, परंतु हा अभ्यासक्रम अनेक ठिकाणी विनाअनुदानित तत्त्वावर चालतो, शुल्क जास्त असते, आणि महागडे यंत्र काचेच्या कपाटात व विद्यार्थी त्याच्या चित्रासमोर, असा प्रकारही पाहायला मिळतो. माझे स्वच्छ मत असे आहे की पदवीला पायाभूत विषय घ्यावा आणि विशेष नाव असलेला विषय पदव्युत्तर पातळीवर निवडावा. रसायनशास्त्र मात्र शक्य तितके दिवस सोडू नये. जैववैद्यकाचा, म्हणजे बायोमेडिकल सायन्सचा, मोठा भाग शेवटी रसायनशास्त्रच आहे.

बायोमेडिकल सायन्स या नावाची पदवी दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत आहे, आणि तेथील डॉ. बी. आर. आंबेडकर जैववैद्यकीय संशोधन केंद्रात त्याच विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. बायोमेडिकल इंजिनिअरिंग ही पूर्णपणे वेगळी शाखा आहे. तिचा संबंध उपकरणांशी आहे आणि तिला गणित लागते. नावातल्या साम्यामुळे प्रवेशाच्या धावपळीत या दोहोंची गल्लत होते, म्हणून सांगितले.

महाविद्यालय कसे निवडावे, याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माहितीपत्रकांवरून यातले काहीच कळत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी मुलीला घेऊन आपण स्वतः जावे आणि विभागाची प्रयोगशाळा पाहू द्या, अशी विनंती करावी. एका सूक्ष्मदर्शकावर किती मुले बसतात, हे विचारावे. जिवाणू वाढवण्याच्या उष्मापेटीत प्लेटा ठेवलेल्या आहेत की ती नुसतीच बंद पडून आहे, वाफेने साधने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह आठवड्यातून किती वेळा लावला जातो, प्रात्यक्षिकाच्या वेळी मुले स्वतः जिवाणूंच्या वाढीचे माध्यम तयार करतात की ते तयार करून हातात दिले जाते, हेही पाहावे.

हे एवढे महत्त्वाचे का, ते जिवाणूंचे रंगावरून जांभळे आणि गुलाबी असे दोन गट पाडणाऱ्या ग्रॅम रंजनाच्या उदाहरणावरून सांगतो. 1884 साली हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी मांडलेली ही पद्धत आजही पहिल्या वर्षाला शिकवली जाते. काचपट्टीवर जिवाणूंचा पातळ थर द्यायचा, ज्योतीवर हलकेच पक्का करायचा, त्यावर क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग, मग आयोडीन, मग रंग धुणारे अल्कोहोल आणि शेवटी सॅफ्रानिन हा गुलाबी रंग. पुस्तकात हे चार ओळींत संपते. खरी कसोटी अल्कोहोलच्या त्या थोड्या सेकंदांत असते. काचपट्टी तिरकी धरून थेंब थेंब सोडायचा आणि खाली उतरणारा जांभळा रंग थांबला रे थांबला की लगेच पाण्याखाली धरायची. जरा जास्त वेळ गेला तर जांभळे दिसायला हवेत ते स्टॅफिलोकोकसचे द्राक्षासारखे घोस गुलाबी दिसतात आणि विद्यार्थी आत्मविश्वासाने चुकीचा निष्कर्ष लिहितो. कमी वेळ दिला तर गुलाबी दिसायला हवा तो ई. कोलायसुद्धा जांभळाच राहतो. हा अंदाज दहा काचपट्ट्या बिघडल्याशिवाय येत नाही, आणि दहा काचपट्ट्या बिघडवू देणारे महाविद्यालयच चांगले महाविद्यालय.

सोलापूर की पुणे, याबद्दल माझे उत्तर सोलापूर असे आहे, निदान पदवीसाठी तरी. आपल्या जिल्ह्याचे स्वतंत्र विद्यापीठ 2004 साली झाले. त्यापूर्वी येथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती आणि लहानसहान कामासाठीही कोल्हापूर गाठावे लागे. आज पदवीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंतची सोय गावातच आहे. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या भागांतल्या बागा ज्या तेल्या रोगाने उद्ध्वस्त केल्या तो झांथोमोनास नावाच्या जिवाणूमुळे होतो, आणि तो ओळखण्याच्या व वेगळा करण्याच्या मूळ पद्धती माणसाच्या रोगजंतूंसाठी वापरतात त्याच आहेत. ज्या मुलीला रोग कसा होतो हे पाहायचे आहे तिला तो डाळिंबाच्या पानावरही पाहता येईल. पुण्याच्या खोलीभाड्यावर आणि खाणावळीवर तीन वर्षे जाणारा पैसा पदव्युत्तर शिक्षणासाठी राखून ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता पदवी चार वर्षांची करता येते. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी घेता येते. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्पाचा पर्याय खुला होतो, आणि चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षात एम.एस्सी. करण्याची तरतूद आहे. आपण निवडाल त्या महाविद्यालयात तो चौथ्या वर्षाचा संशोधन पर्याय प्रत्यक्ष उपलब्ध आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावे.

उत्तर: तंत्रज्ञ, खासगी निदान प्रयोगशाळा

प्राध्यापक महोदयांच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, फक्त नोकरीच्या बाबतीत एक गोष्ट आधीच स्पष्ट असलेली बरी. बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र करून स्वतःची पॅथॉलॉजी लॅब टाकता येते, अशी समजूत घेऊन अनेक पालक आमच्याकडे येतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये स्पष्ट केले की प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचीच स्वाक्षरी हवी. म्हणजे तपासणीचे काम आपण करू शकतो, परंतु अहवालाची जबाबदारी डॉक्टरांची. ज्यांना निश्चितपणे लॅबमध्येच काम करायचे आहे त्यांनी डी.एम.एल.टी. किंवा बी.एम.एल.टी. ही वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका किंवा पदवी करावी, ते शिक्षण त्याच कामासाठी आखलेले आहे आणि नोकरी लवकर मिळते. आपल्या मुलीचे प्रश्न वाचून तिचा ओढा तिकडे आहे असे मला वाटत नाही.

तरीही या कामाला कोणी कमी लेखू नये, असे मी आग्रहाने सांगेन. लघवीच्या नमुन्यातून जिवाणू वाढला की त्याच्यावर कोणते प्रतिजैविक चालेल, हे आम्ही चकत्या ठेवून पाहतो. म्युलर हिंटन अगार या घट्ट पोषक माध्यमाच्या प्लेटवर जिवाणूंचा सारखा थर द्यायचा, औषधाच्या चकत्या ठेवायच्या, प्लेट रात्रभर उष्मापेटीत ठेवायची आणि सकाळी प्रत्येक चकतीभोवतीचे, जिवाणू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचे. प्लेटमधल्या अगारची जाडी 4 मिलिमीटर असावी लागते. ओतणाऱ्याचा हात सैल सुटून ती जाड झाली तर वर्तुळ लहान पडते आणि जे औषध चालले असते ते निकामी असल्याचा अहवाल जातो. मग डॉक्टर विनाकारण वरच्या दर्जाचे, महाग इंजेक्शन लिहून देतात. एका माणसाच्या खिशावरच हे थांबत नाही, कारण असे होत होत राखीव औषधांचीही जिवाणूंना सवय होते. अगार ओतताना ज्याला हे सगळे डोळ्यांसमोर दिसते तो तंत्रज्ञ चांगला, आणि ते दिसण्यासाठी विषय मुळातून शिकलेला असावा लागतो.

लॅबखेरीज औषध कंपन्यांचे गुणवत्ता नियंत्रण विभाग, अन्न आणि पाणी तपासणी, साखर कारखान्यांच्या आसवनी, दूध संघ येथेही सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीधरांना काम मिळते. सुरुवातीचा पगार फार नसतो, हे खरे आहे.

प्रश्नकर्ते पालक

आपण दोघांनीही इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनःपूर्वक आभार. दोन्ही उत्तरे मुलीला वाचून दाखवली. ग्रॅम रंजनाचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. तिचा एक प्रश्न आहे, तो तिच्याच शब्दांत लिहितो: “रुग्णाजवळ न जाता रोगावर संशोधन करणारी माणसे नेमके काय करतात आणि ती सगळी परदेशातच असतात का?” माझा प्रश्न अधिक व्यवहाराचा आहे. संशोधनात पहिली कमाई वयाच्या कितव्या वर्षी सुरू होते? इंग्रजीबद्दलही कोणी सांगावे.

उत्तर: संशोधक विद्यार्थिनी, मूळ गाव बार्शी, सध्या पुणे

काका, ताईच्या प्रश्नाचे उत्तर मला माझ्याच तालुक्यातून देता येते, म्हणून लिहायला बसले.

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयातून टाटा स्मारक केंद्राच्या ग्रामीण प्रकल्पाने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एक मोठा अभ्यास केला. 1999 साली त्याची सुरुवात झाली. 30 ते 59 वर्षे वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया त्यात होत्या आणि गावांचे 52 गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे चार भागांत वाटले होते. एका भागात हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी, दुसऱ्यात पेशींची पॅप तपासणी, तिसऱ्यात ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी करायची तपासणी, आणि चौथ्यात नेहमीच्याच आरोग्यसेवा. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर दिसले ते असे की आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू नेहमीची सेवा मिळालेल्या गटाच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आले. 2009 साली हा निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला आणि या तपासणीविषयी जगभर चाललेल्या चर्चेत त्याचा आधार घेतला गेला. ज्या गावांच्या पाट्या आपण एस.टी.च्या खिडकीतून वाचतो त्या गावांतल्या बायकांमुळे हे ज्ञान जगाला मिळाले.

आता यात कोण कोण होते, ते पाहा. तपासणी आणि उपचार डॉक्टरांनी व परिचारिकांनी केले. पण नमुन्यात विषाणूचा डीएनए आहे की नाही हे सांगणारे, काचपट्टीवरच्या हजारो पेशींतून बिघडलेली पेशी ओळखणारे, प्रत्येक नमुन्याची नोंद बिनचूक ठेवणारे, आणि आलेला फरक योगायोगाचा नाही हे गणिताने दाखवून देणारे लोक नसते तर त्या अभ्यासाला काहीच अर्थ उरला नसता. जैववैद्यक म्हणतात ते हे काम. याच अभ्यासावर पुढे टीकाही झाली की चौथ्या गटातल्या स्त्रियांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का. तो प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि जीवशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला संशोधनातील नीतिमत्ता पदवीपासूनच शिकवायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

या कामासाठी परदेशातच जावे लागते असे नाही. आपल्या पुण्यातच राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, जिची स्थापना 1952 साली झाली. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधनाची संस्था आहे. खारघरला टाटा स्मारकाचे कर्करोग संशोधन केंद्र आहे. तिथे मोठमोठ्या शहरांतली मुले असतात, तशीच बार्शी, करमाळा, अक्कलकोटचीही असतात.

कमाईबद्दल सरळ सांगते. बी.एस्सी.नंतर गॅट-बी किंवा जॅम या प्रवेश परीक्षांतून चांगल्या संस्थेत एम.एस्सी.ला जाता येते, आणि गॅट-बीच्या योजनेतल्या अनेक अभ्यासक्रमांना विद्यावेतन मिळते. त्यानंतर सी.एस.आय.आर. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात, दोन वर्षांनंतर 42,000, शिवाय घरभाडे भत्ता. म्हणजे साधारण तेवीस-चोविसाव्या वर्षी घरच्या पैशावरचा भार उतरतो. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे लागतात. त्यानंतरच्या कायम जागा मात्र थोड्या आहेत आणि स्पर्धा कठीण आहे. हे आजच सांगितलेले बरे. अधिछात्रवृत्ती वेळेवर जमा होत नाही असेही महिने येतात, त्यामुळे थोडी शिल्लक बाजूला असावी.

इंग्रजीची भीती मी ओळखते, कारण मीही जिल्हा परिषदेच्या शाळेतूनच आले. अडचण व्याकरणाची नसते, लांब वाक्यांची असते. ताईने पहिल्या वर्षापासून आठवड्याला इंग्रजी पुस्तकातले एक पान घ्यावे, ते समजून घेऊन मराठीत कोणाला तरी तोंडी समजावून सांगावे, आणि मग पुस्तक मिटून तेच इंग्रजीत स्वतःच्या वाक्यांत लिहावे. आईला समजावता आले तर विषय कळला, असे खुशाल समजावे. स्वयम् या सरकारी संकेतस्थळावरची व्याख्याने विनामूल्य आहेत, तीही ऐकावीत.

दुसऱ्या वर्षापासून एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी इतर दोन अकादम्यांबरोबर दरवर्षी उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती देते. निवड झाली तर दोन महिने देशातल्या एखाद्या नामवंत प्रयोगशाळेत काम करता येते, विद्यावेतन आणि प्रवासखर्चही मिळतो. अर्ज साधारण दिवाळीच्या सुमारास भरायचे असतात, आणि आपल्याला काय शिकायचे आहे हे थोडक्यात लिहून द्यावे लागते. ताईने तुम्हाला जे तीन प्रश्न सांगितले, औषध पेशीत जाऊन काय करते वगैरे, ते तिने आत्ताच एका वहीत लिहून ठेवावेत. अर्जात तेच लिहायचे असते.

उत्तर: निवृत्त प्राध्यापक, सूक्ष्मजीवशास्त्र

बार्शीच्या ताईंनी गणिताचा उल्लेख केला, तेवढ्यापुरते पुन्हा लिहितो. अकरावीला गणित सोडले म्हणून काही बिघडलेले नाही, परंतु जॅमच्या जैवतंत्रज्ञान प्रश्नपत्रिकेत गणितावर प्रश्न असतात आणि संख्याशास्त्राशिवाय आजचा कोणताही शोधनिबंध वाचता येत नाही. महाविद्यालय सुरू होईपर्यंत मुलीला अकरावीचे गणिताचे पुस्तक मिळवून द्यावे आणि संभाव्यता, लघुगणक व आलेख हे तीन भाग तिने करावेत. शिकवणी लावण्याची आवश्यकता नाही. कुठे अडली तर आपण हिशेबाच्या क्षेत्रातले आहातच.

प्रवेशाबाबत एक सूचना. बी.एस्सी.च्या गुणवत्ता याद्या बारावीच्या निकालानंतर लगेच लागतात आणि नीटच्या फेऱ्या पुढे कित्येक आठवडे चालतात. त्या फेऱ्यांकडे पाहत बसल्यामुळे अनुदानित तुकडीतल्या जागा भरून जातात आणि मग विनाअनुदानित तुकडीचे शुल्क भरण्याची वेळ येते. घरातला निर्णय झाला असेल तर शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक आणि लागू असल्यास जातीचा दाखला व नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र हाताशी ठेवून याच आठवड्यात अर्ज भरावा, आणि त्याआधी प्रयोगशाळा पाहून यावे. उन्हाळ्याच्या सुट्टीतही विभागात कोणीतरी असते. सकाळी अकरानंतर गेलात तर भेट होईल.